आधी आकडा सांगा, मग रोपवे!

परीक्षा संपल्यावर आम्ही चौघी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, ते मलबार हिलचा ‘निसर्ग उन्नत मार्ग’ बघायला. रील्समध्ये बघून बघून जायचंच असं ठरलं होतं. तिकीट फक्त 25 रुपये. पण आधी ऑनलाइन स्लॉट बुक करायचा, एका स्लॉटला एक तास आणि साधारण 200 माणसं. तेव्हा आम्ही जाम कुरकुर केली. झाडं बघायला कसला आलाय स्लॉट?

उत्तर आत गेल्यावर मिळालं. 485 मीटर लांबीची ही लाकडी वाट जमिनीपासून उंच, झाडांच्या मधून जाते. रुंदी जेमतेम अडीच मीटर. एरवी मान वर करून बघतो त्या फांद्या इथे खांद्याशी येतात. काचेच्या तळावर उभं राहिलं की पायाखाली झाडी आणि समोर गिरगाव चौपाटी. भर मुंबईत असूनही पक्ष्यांचे आवाज ऐकू येत होते, कारण माणसं मोजकी होती. तीच वाट गर्दीने भरली असती तर आम्हाला एकमेकींच्या पाठी दिसल्या असत्या, बस्स.

घानामधल्या काकुम राष्ट्रीय उद्यानात 1995 पासून असाच एक मार्ग आहे. वर्षावनातल्या उंच झाडांना टांगलेले सात झुलते पूल, एकूण लांबी 350 मीटर. फळी जेमतेम पाऊल मावेल एवढी, दोन्ही बाजूंना जाळी. तिथे एकामागे एकच चालावं लागतं. म्हणजे वाटच सांगते, किती जणांनी यायचं ते.

परतताना गाडीत विषय निघाला आपल्या अंजनेरीचा. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव गेली काही वर्षं गाजतोय आणि नाशिकच्या पर्यावरणप्रेमींचा त्याला विरोध आहे. कारण साधं आहे. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. 2006 मध्ये जगाला ओळख झालेली, या डोंगराचंच नाव मिळालेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदिलासारख्या फुलांची वनस्पती इथलीच. म्हणून तर अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

‘विकासाला विरोध का?’ असं कुणी म्हणेल. माझी आजी अंजनेरी चढू शकत नाही. अंजनीमातेचं दर्शन तिने घ्यायचंच नाही का? हा प्रश्न खोटा नाही. पायथ्याच्या गावातल्या पोरांना रोजगार हवा, हेही खरंच. पण रोपवे माणसं मोजून थोडाच थांबणार आहे? खर्च वसूल करायचा तर पाळणे भरलेलेच लागतील. पावसाळ्यातल्या रविवारी आत्ताच तिथे ब्लूटूथ स्पीकर आणि चिप्सची रिकामी पाकिटं असतात. आणि ती पाकिटं आपल्यासारख्यांचीच असतात, हेही मान्य करू.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: वर कसं जायचं हे ठरवण्याआधी वर किती जणांनी जायचं ते ठरवा. एका दिवसात डोंगर किती माणसं झेलू शकतो? गिधाडांच्या विणीच्या काळात कुठला भाग बंद ठेवायचा? हा आकडा अभ्यासकांनी काढावा, सगळ्यांसमोर मांडावा आणि मग त्यात बसेल ती सोय करावी. त्या आकड्यात माझ्या आजीसारख्यांना पहिली जागा द्या. रोपवे त्यात बसत नसेल तर तो नको.

मुंबईतल्या एका टेकडीवरच्या झाडांसाठी आपण निमूटपणे स्लॉट बुक करतो. मग गिधाडांच्या घरी जाताना नंबर लावायला आपल्याला लाज कसली?