जहाजावरची पहिली पंगत की दुसरी?



सुट्टीत क्रूझने जाणारी कुटुंबे आता आपल्यातही दिसू लागली आहेत. कोणी मे महिन्यात सिंगापूरहून पेनांग-फुकेतपर्यंत चार-पाच रात्रींची सफर करतात. कोणी हिवाळ्यात दुबईला नोकरी करणाऱ्या मुलाकडे जातात आणि तिथून जहाजात बसतात. बुकिंग करताना केबिन, व्हिसा, विमानाचे तिकीट यांवर घरात भरपूर खल होतो. फॉर्ममधल्या एका रकान्यावर मात्र घाईघाईने खूण केली जाते: रात्रीचे जेवण लवकरच्या वेळेला हवे की उशिराच्या? प्रश्न लहान दिसतो, पण सफरीतली प्रत्येक संध्याकाळ त्यावर ठरते. म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहायचे आम्ही ठरवले.

आधी व्यवस्था समजून घेऊ. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार किंवा त्याहूनही जास्त प्रवासी असतात. मुख्य भोजनगृहात ते सगळे एकाच वेळी मावत नाहीत. म्हणून आपल्या लग्नाच्या दावतीत असतात तशा दोन पंगती बसतात. पहिली साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान, दुसरी आठ ते साडेआठच्या दरम्यान. युरोपात भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर दोन्ही वेळा आणखी पुढे सरकतात. तिथे साडेसहा आणि नऊ या वेळाही सर्रास असतात. एकदा पंगत ठरली की रोज तीच वेळ, तेच टेबल आणि बहुधा तेच वाढपी. एकेक पदार्थ क्रमाने येत असल्याने जेवण दीड तास तरी चालते. हे जेवण तिकिटातच धरलेले असते, त्यामुळे पहिली पंगत घेतली काय नि दुसरी घेतली काय, पैशात फरक पडत नाही. फरक पडतो तो पोटाला, झोपेला आणि नमाजला.

बहुतेक घरांत लहान मुले असली की डोळे मिटून पहिली पंगत घेतली जाते. आमचे म्हणणे असे की ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे शब्द जहाजाच्या घड्याळाचे आहेत. आपले पोट चार-पाच दिवस तरी घरच्या घड्याळावरच चालते. तेव्हा आधी ती वेळ भारतीय वेळेत बदलून पाहावी.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथली साडेपाचची पंगत म्हणजे आपले दुपारचे तीन. दुपारी तीन वाजता रात्रीचे जेवण कोणाला जाईल? मुले दोन घास खाऊन उठतात आणि रात्री नऊ-दहाला भूक लागली म्हणून रडतात. तिथली आठची पंगत म्हणजे आपले साडेपाच. थोडे लवकरच, पण मुलांच्या पोटाला मानवणारे. चार-पाच रात्रींच्या सफरीत शरीर नव्या वेळेला सरावते न सरावते तोच परतीचा दिवस येतो. त्यामुळे मुंबईहून थेट जाऊन जहाजात बसणाऱ्यांना सिंगापूरकडे दुसरी पंगत सोयीची पडते.

दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिथली सहाची पंगत म्हणजे आपले साडेसात, आणि साडेआठची म्हणजे रात्रीचे दहा. इथे मुलाबाळांच्या घराला पहिली पंगत बरी. युरोपात उन्हाळ्यात घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथली साडेसहाची पंगत म्हणजे आपले दहा, आणि नऊची म्हणजे चक्क मध्यरात्रीनंतरचे साडेबारा! तिथे दुसरी पंगत घेतली तर पहिल्या दोन रात्री मुले टेबलावरच झोपतील. म्हणजे एकाच रकान्याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे येते.

आता नमाजच्या वेळा पाहू. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे वर्षभर सूर्य सातच्या आगेमागे मावळतो. मे महिन्यात जहाज पेनांगकडे आणि पुढे फुकेतकडे गेले की सिंगापूरच्या वेळेप्रमाणे सूर्यास्त साडेसात-पावणेआठपर्यंत जातो. आठच्या पंगतीला मगरिब पढून जाता येते, इशा जेवणानंतर. पहिली पंगत घेतली तर जेवण सातला संपते आणि मगरिब त्यानंतर. दोन्ही वेळा जमतात, म्हणून तिथे पोटाचे ऐकावे.

दुबईत डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पहिली पंगत सहाची असेल तर मगरिब पढून जाता येते. ती साडेपाचचीच असेल तर जेवण आणि मगरिब एकमेकांवर येतात. म्हणून ‘पहिली’ एवढे ऐकून खूण करू नका, नेमकी वेळ विचारा. भूमध्य समुद्रात जूनमध्ये रोमजवळ सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो आणि बार्सिलोनाजवळ साडेनऊच्या. नऊची पंगत असेल तर रोमजवळ घाईघाईने नमाज आटपून धावावे लागते आणि बार्सिलोनाजवळ ताट समोर असतानाच मगरिबची वेळ होते. तिथे पहिली पंगत हेच उत्तर. जेवण समोर आले असता आधी जेवून घेण्याची मुभा हदीसमध्ये आहे. पण रोजची वेळ निवडणे आपल्या हातात असताना ती अडचणीची का निवडावी?

यात मसलकाचाही भाग येतो. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत. त्यांना प्रवासात मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश इकडची बहुसंख्य घरे हनफी आहेत आणि त्यांच्याकडे प्रत्येक नमाज आपापल्या वेळी पढली जाते. सून रत्नागिरीची आणि सासर नांदेडचे असेल तर एकाच टेबलावर दोन्ही प्रकारचे लोक बसतात. मग ज्यांना सवलत नाही त्यांच्या वेळेनुसार पंगत ठरवावी, म्हणजे कोणालाच मध्येच उठावे लागत नाही. सवलतीचा तपशील निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. बऱ्याच जहाजांवर रोजची कार्यक्रमपत्रिका केबिनमध्ये किंवा मोबाईलवर मिळते आणि तिच्यात सूर्यास्ताची वेळ बहुधा दिलेली असते. ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, मोबाईलच्या नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार सर्वांत आधी करायला हवा. दादी किंवा नाना मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील, इन्सुलिन घेत असतील, तर जेवणाची वेळ दोन-तीन तासांनी सरकणे ही साधी गोष्ट नाही. घड्याळ बदलल्यावर औषध कधी घ्यायचे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि मग पंगत ठरवावी. दुसरी पंगत घेतली तरी संध्याकाळी बुफेत काहीतरी हलके मिळते. दादींना आणि मुलांना त्या वेळी थोडे खायला द्यावे.

बंदराच्या दिवसांचाही हिशेब करावा. फिरून चार-पाच वाजता जहाजावर परतले की आंघोळ, कपडे, असर हे सगळे उरकून साडेपाचला टेबलावर पोहोचणे म्हणजे धावपळ. अशा दिवशी दुसऱ्या पंगतीची मंडळी निवांत असतात. उलट पहिल्या पंगतीच्या मंडळींना जेवणानंतरची सगळी संध्याकाळ मोकळी मिळते.

काही जहाजांवर तिसरी सोयही असते: ठरलेली वेळ नाही, मनाला येईल तेव्हा जा. नवराबायको दोघेच असतील तर ती छान. दहा-बारा माणसांच्या घराला मात्र गर्दीच्या वेळी एकत्र टेबल मिळायला थांबावे लागते आणि वाढपी रोज बदलतात. आपल्यासाठी वाढपी तोच असणे महत्त्वाचे आहे. डुकराचे मांस नको, पदार्थात दारू नको, जिलेटिन कशाचे आहे, हे रोज नव्या माणसाला सांगण्यापेक्षा एकालाच नीट सांगितले तर तो लक्षात ठेवतो. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवून आपल्यापुरता बदल करून देतात. हलाल मांस मिळेल की नाही हे मात्र बुकिंगच्या आधीच लेखी विचारावे. उत्तर स्पष्ट नसेल तर शाकाहारी पदार्थ आणि मासळी यांवर भागवावे, आणि त्यांतही दारू नसल्याची खात्री करून घ्यावी.

दोन भावांनी वेगवेगळे बुकिंग केले असेल तर दोन्ही नंबर जोडून घ्या आणि पंगत एकच ठेवा, नाहीतर एक भाऊ साडेपाचला जेवेल आणि दुसरा आठला. हवी ती पंगत भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव द्या आणि पहिल्याच दिवशी जहाजावर पोहोचताच भोजनगृहाच्या मुख्य माणसाला भेटा. पुष्कळदा अदलाबदल होऊन जाते.

शेवटची गोष्ट. आपल्या घरांत सगळ्यांना गरम भाकरी वाढून जी शेवटी जेवायला बसते, ती अम्मी किंवा भाभी जहाजावर सगळ्यांबरोबर बसून जेवणार आहे. तिला कोणाच्या ताटाकडे लक्ष द्यायचे नाही, भांडी उचलायची नाहीत. हे टेबल ठरलेल्या वेळी, सगळे हजर असताना भरले तरच तिला ती सवड मिळेल. तेव्हा फॉर्म भरण्याआधी कागदावर तीन गोष्टी मांडा: ती वेळ भारतात किती, त्या तारखेला मगरिब केव्हा, आणि दादींच्या गोळ्या कधी. मग तो कागद तिच्यासमोर ठेवा आणि खूण तिला करू द्या.

अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.