कोष्टकांतून प्रश्नावलींत

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांस सांगावासा वाटतो. आमची नात येथें नागपुरास समाजकार्य शिकते. भिवापूर तालुक्यांतील कांहीं गांवांत शाळा सुटलेल्या मुलांची पाहणी करण्याचें काम तिच्या गटाकडे आलें होतें. प्रश्न, पर्याय, गांवांचीं नांवें हें सर्व तिनें एक्सेलच्या कोष्टकांत मांडलें आणि तें कोष्टक 'कोबो टूलबॉक्स' ह्या साधनांत चढवून मोबाइलवरची प्रश्नावली सिद्ध केली.

पहिल्याच गांवीं घोटाळा झाला. मुलाच्या वयोगटांत '६-१०' ह्या पर्यायाच्या जागीं ६ ऑक्टोबरची तारीख उमटली! पाहणी करणारांपैकीं कोणीं 'इतर' वर खूण केली, कोणीं प्रश्नच गाळला. दुसरे दिवशीं त्याच घरांचे उंबरठे पुन्हा झिजवावे लागले. दिवस मिरचीच्या तोडणीचे. एक बाई म्हणाली, "कालच तं सांगतलं ना! आजची मजुरी कोन देईन?" नात घरीं परतली ती उतरल्या चेहऱ्यानेंच.

आम्हीं तें कोष्टक मागून घेतलें. उभा जन्म हजेरीपट भरण्यांत गेलेला. रकान्यांचें भय आम्हांस कसलें? दोष लवकरच उमगला. इंग्रजी आंकड्यांत सहा-दहा असें लिहितांच एक्सेल तिची तारीख करून टाकतें. मागाहून त्या रकान्यास 'टेक्स्ट' म्हटलें तरी मूळ मजकूर परत येत नाहीं. भलताच पांच अंकी आंकडा दिसूं लागतो. ह्या खोडीनें शास्त्रज्ञहि गांजले. 'मार्च १', 'सेप्ट १' अशा नांवांच्या जनुकांच्या तारखा होऊं लागल्या, तेव्हां नामकरण-समितीनें २०२० सालीं नवे नियम करून तीं नांवेंच बदललीं! आपण मात्र रकाना आधींच 'टेक्स्ट' करावा, अथवा सरळ 'सहा ते दहा' असें अक्षरांत लिहावें.

ह्या कोष्टकाचीं मुख्य पानें दोन. 'सर्व्हे' ह्या पानावर प्रत्येक प्रश्नाचा प्रकार, यंत्राकरितां त्याचें नांव व माणसाकरितां मजकूर. 'चॉइसेस' ह्या पानावर उत्तरांचे पर्याय. नातीनें विचारलें, "आजोबा, एकाच प्रश्नाला दोन नांवं कशाला?" आम्ही म्हणालों, "पाणिनीनें 'टि', 'घु', 'भ' ह्या संज्ञा कशाला योजल्या, बाळ? संज्ञा आंखूड हवी आणि एकीची एकच वस्तु हवी." यंत्राचें नांवहि तसेंच असावें: जोडून लिहिलेलें, मध्यें जागा न सोडलेलें, दुसऱ्यास न दिलेलें. बोरगांवें दोन असलीं तर यंत्रासाठीं संज्ञा दोन द्याव्या आणि वाचणारास तालुक्यासह नांव दाखवावें. मराठी व इंग्रजी मजकुरास निराळे रकाने ठेवतां येतात. मराठी मात्र युनिकोडांतच असावी. कृतिदेवासारख्या जुन्या टंकांतला मजकूर मोबाइलवर निरर्थक अक्षरें होऊन बसतो.

एवढें करून सर्व ठीक झालें असें आम्हांस वाटलें. परंतु खरी परीक्षा स्वयंपाकघरांत झाली. नातीनें आजीस समोर बसवून सारी प्रश्नावली मोबाइलवरून वाचून दाखविली. दोन प्रश्न तिला कळलेच नाहींत; आणि मूल शेतावर जातें म्हणून शाळा सुटली, हा पर्यायच यादींत नव्हता! कोष्टक निर्दोष होतें, तरी त्यांत त्या मुलाला जागा नव्हती.

यंत्र नक्कल चोख करतें, आणि चुकीचीहि तितकीच चोख करतें. घरीं बसून चूक सुधारण्यास आपला अर्धा तास जातो. गांवीं गेल्यावर तीच चूक सुधारावयाची तर दुसऱ्याची मजुरी जाते. आमच्या घरोघरच्या मुलामुलींस पुढें अशीं कामें पडणारच आहेत. त्यांनीं बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं आपली प्रश्नावली घरांतल्या आजीला एकवार अवश्य विचारावी.