हरलेल्या हंगामांची वही

पावसाळ्यात मालवणच्या माणसाला दोनच उद्योग उरतात. एक छपराकडे बघण्याचा आणि दुसरा टीव्हीकडे बघण्याचा. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, जाळी माळ्यावर आणि वीज आपल्या मर्जीची मालकीण. अशाच एका संध्याकाळी, २६ जुलै २०१४ रोजी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आमच्या शाळेचे मैदान त्या वेळी घोटाभर पाण्यात होते आणि पडद्यावर मात्र गुळगुळीत मॅटवर, रंगीत दिव्यांत, आमचाच खेळ चालला होता. निवृत्त शिक्षकाला वही उघडायला फारसे निमित्त लागत नाही. मी एक शंभर पानी वही काढली आणि तिच्या पहिल्या पानावर 'पुणेरी पलटण' असे लिहिले.

कोकणातल्या माणसाने मुंबईचा 'यू मुम्बा' सोडून पुण्याचा संघ का धरावा, हा प्रश्न घरात तेव्हाच विचारला गेला. माझे उत्तर एवढेच होते, की तरुणपणी शिक्षणासाठी दोन वर्षे पुण्यात काढली आणि त्या शहराने पोटभर जेवू घातले. या कृतज्ञतेची किंमत मला लगेच मोजावी लागली. पहिल्या हंगामात आठ संघांत पुणे आठवे. दुसऱ्या हंगामात, २०१५ साली, पुन्हा आठवे. त्याच दोन वर्षांत मुंबईचा संघ आधी उपविजेता आणि मग विजेता झाला. माझे मुंबईकर पुतणे गणपतीला गावी आले, की आरतीच्या आधी माझ्या वहीची चौकशी करीत.

२०१६ साली दोन हंगाम झाले. मनजित छिल्लर कर्णधार झाला आणि पुणे दोन्ही वेळा तिसरे आले. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाले, हंगाम लांबला आणि दीपक हुडाच्या नेतृत्वाखालचा आमचा संघ बाद फेरीत पाटण्याकडून हरला. २०१८ मध्ये गिरीश एर्नाक हा मराठी गडी कर्णधार होता, पण बाद फेरीही लाभली नाही. २०१९ मध्ये सुरजित सिंग कर्णधार आणि अनुपकुमार प्रशिक्षक असूनही क्रमांक दहावा. मग महामारीने एक वर्ष गिळले. आठवा हंगाम डिसेंबर २०२१ पासून बंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला. टाळ्यांवाचून कबड्डी ऐकताना मला रिकाम्या शाळेत घंटा वाजल्यासारखे वाटे. तेव्हाही बाद फेरीत हार.

२०२२ मध्ये इराणचा फझल अत्राचली कर्णधार झाला आणि संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईतल्या त्या सामन्यात जयपूरने आम्हांला ३३-२९ असे हरवले. अखेर दहाव्या हंगामात अस्लम इनामदार हा अहमदनगर जिल्ह्यातला तरुण कर्णधार झाला. बावीस साखळी सामन्यांत फक्त दोन पराभव झाले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणावर २८-२५ अशी मात करून पुण्याने करंडक उचलला. मी त्या पानावर हिरव्या शाईने लिहिले. हिरवी शाई मी शाळेतही पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यासाठीच वापरीत असे.

त्यानंतर अकराव्या हंगामात पुन्हा आठवा क्रमांक आणि बाद फेरी हुकलेली. बाराव्या हंगामात, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिल्लीत दिल्लीकडूनच ३१-२८ अशी हार. बारा हंगामांत करंडक एक.

ही वही एकदा आमच्या शेजाऱ्याच्या हाती पडली. रापणीवर आयुष्य काढलेला गृहस्थ. त्याने पाने चाळली आणि म्हणाला, "गुरुजी, पुण्याचो संघ म्हणतास, पण ह्यात पुण्याचो झील खंय आसा?"

प्रश्न साधा होता, पण मला रात्रभर पुरला. एक छिल्लर दिल्लीकडचा, एक अत्राचली इराणचा. २०२३ च्या लिलावात पुण्याने दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलेला महंमदरेझा शादलुई तोही इराणचाच. त्याने पुण्याला करंडक मिळवून दिला, पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणाने आपले पहिले विजेतेपद मिळवले. तेही कुठे, तर पुण्याच्या बालेवाडीत! २०२५ मध्ये ज्या दिल्लीने पुण्याला हरवले, तिच्या संघात सुरजित आणि फझल हे पुण्याचे दोन माजी कर्णधार होते. मग मी बारा हंगाम ज्याच्यामागे हळहळलो तो संघ नेमका कोणता? गडी बदलले, प्रशिक्षक बदलले. उरले फक्त नाव आणि बनियनचा केशरी रंग.

शेजाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, बंदरातल्या मोठ्या नौकांवर खलाशी कुठले असतात? बरेचसे परप्रांतातले. तरी नौका मालवणची आणि मासळीही मालवणचीच म्हणतोस ना? तो हसला आणि म्हणाला, "ता खरा. पण रापण तशी नसता. रापणीक गाव लागता."

वाचकहो, मला सांगायचे आहे ते या एका वाक्यात आले. धंदेवाईक संघ ही मोठी नौका आहे. तिच्यावर नाक मुरडण्यात मला अर्थ वाटत नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला आणि १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला गेला. तरीही कबड्डीपटूचे पोट भरायचे, ते रेल्वे, पोलीस किंवा बँकेतल्या नोकरीवर. आज शेतकऱ्याच्या पोराला खेळावर घर बांधता येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या नौकेजवळ आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या रापणीजवळ नाही. ती म्हणजे नोंद. २०१४ पासूनची प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड, प्रत्येक लोण लिहून ठेवलेले आहे. आठवा क्रमांकही लिहिलेला आहे. माझी वही उद्या वाळवीने खाल्ली, तरी पुणेरी पलटणीचा एकही पराभव हरवणार नाही.

आणि आमचे काय? आमच्या वाडीच्या मंडळाची एक ढाल माझ्या माजघरात आहे. माझा थोरला भाऊ त्या संघाचा कोपरा सांभाळायचा. भात कापून झाले, खळी सारवली की मैदान आखायचे आणि वाडीवाडीचे संघ पेट्रोमॅक्सच्या उजेडात भिडायचे. भाऊ गेल्यावर तेराव्याला त्याचे जुने साथीदार जमले आणि ढालीवरून वाद निघाला. ही ढाल कोणत्या साली जिंकली? एक म्हणाला, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली. दुसरा म्हणाला, नाही, मुंबईत गिरणी संप झाला, पोरे गावी परत आली आणि संघ तगडा झाला, म्हणजे १९८२ नंतर. अंतिम सामना कोणाशी झाला यावरही एकमत नाही. ढालीवरची अक्षरे खाऱ्या वाऱ्याने कधीच पुसली होती. इराणच्या गड्याने हैदराबादेत काय केले ते मला तारखेनिशी ठाऊक आणि सख्ख्या भावाने शंभर पावलांवरच्या मैदानात काय केले ते ठाऊक नाही! चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवलेल्या माणसाने त्या दिवशी मान खाली घातली.

ढालीचे साल शोधता आले नाही. पण ज्या वर्षांत ढाल आली नाही, ती सगळी वर्षे कुठे गेली, हा प्रश्न मला अधिक छळतो. जिंकलेल्या सामन्याच्या आठवणी निदान भांडणापुरत्या तरी उरतात. हरलेल्या हंगामांचे कोणीच नाव काढत नाही. वास्तविक संघ टिकतो तो त्याच हंगामांत. जिंकताना सगळेच येतात. सलग दोन वर्षे हरल्यावर तिसऱ्या वर्षी चुन्याची रेघ मारायला जो येतो, तो संघाचा खरा मालक. पुणेरी पलटणीचे २०२४ चे यश २०१४ आणि २०१५ ची पाने फाडून वाचले, तर त्यात काय गोडी?

आज आमच्या वाडीत सात गडी उभे करताना मारामार होते. पोरे मुंबईला, काही गोव्यात हॉटेलांत कामाला. गणपतीला येतात ती पाच-सात दिवसांसाठी. मंडळ पुढे चालेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण जे बंद पडेल, ते लिहिलेले तरी असावे.

म्हणून एक साधी सूचना करतो. बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस ऐन पावसातला. मैदान रिकामे असते आणि माणसे घरात असतात. त्या दिवशी प्रत्येक मंडळाने एक वही काढावी. म्हाताऱ्यांना बोलवावे, चहा द्यावा, भांडू द्यावे आणि ठरेल ते लिहावे. ठरणार नाही तिथे दोन्ही बाजू लिहाव्यात. पुढे दर हंगामाला एक पान पुरे. गडी कोण होते, कोणाशी खेळलो, किती गुणांनी हरलो. हरलो हे आवर्जून लिहावे.

आमच्या वाडीची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर भावाचे नाव आहे, पुढे 'कोपरा' असे लिहिले आहे आणि सालाची जागा कोरी ठेवली आहे. शेजाऱ्याने परवा ते पान पाहिले आणि खाली बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, माझा पण लिवा. मी राखीव होतंय."

त्याच्यासाठी मी हिरवी शाई काढली.