ओळखीतली गाडी

गारगोटीत जुनी गाडी कुणी विकत घेत नाही, ती 'ओळखीत मिळते'. मित्राच्या मामाची असते, गल्लीतल्या सरांची असते, नाहीतर आपल्याच कुणीतरी कोल्हापुरातून आणून दिलेली असते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, स्टेटस पडतं. आणि आठवड्याभरात मुदाळतिट्ट्याच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी टेंपरेचरचा काटा वर जातो, बॉनेटमधून वाफ निघते. फिटर वाकून बघतो आणि म्हणतो, "हेड गेलंय भावा. आणि हे आधीपण एकदा उघडलेलं दिसतंय."

पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक तर पोरगं लाजेपोटी गप्प बसतं आणि घरी कळायच्या आत उसनंपासनं करून काम उरकतं. नाहीतर चार मित्र गोळा करून विकणाऱ्याच्या दारात उभं राहतं. पैसे दोन्हीकडं जातात, दुसऱ्यात ओळखही जाते.

आमच्या मते घोळ होतो तो गाडी घेतानाच, आणि त्या ओळखीपायीच. ओळखीच्या माणसाला "हेड उघडलं होतं का?" असं विचारायची आपल्याला चोरी वाटते. म्हणजे संशय घेतल्यासारखं होतं ना! पण कायदा इथं फार स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार विकणारा नुसता गप्प राहिला, तर एरवी ती फसवणूक ठरत नाही. विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगितलं, किंवा दोष मुद्दाम झाकला, तर मात्र ती फसवणूक होते. म्हणजे जो विचारतच नाही, त्याच्या हातात नंतर भांडायलाही काही उरत नाही. तेव्हा विचारा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. हेडचं काम झालंय का? अपघात झालाय का? मीटर बदललाय का? गाडी पुरात होती का? "नाही" एवढं एका शब्दाचं उत्तर आलं, तरी ते तारखेसकट राहतं.

पुराचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात सगळ्यात आधी विचारायला हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडं पार्किंगमध्ये उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन, पॉलिश मारून उभी केली की देखणी दिसते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी हळूहळू काम करत राहतं. आज हॉर्न, उद्या काच, परवा भर पावसात वायपर बंद. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातकट डाग सापडेल. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का ते चाचपा. कुबट वास लपवायला लावलेला भरमसाट परफ्यूम हीसुद्धा एक खूणच!

आता गाडी दारात आलीच आहे आणि दोष निघालाय, तर? आधी दोष कसला ते ओळखा. दहा वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट, बॅटरी, टायर गेले तर ते वयाचं दुखणं आहे, त्यासाठी कुणाच्या दारात जाऊ नये. हेड, गिअरबॉक्स, चॅसीवरचं वेल्डिंग, मागं फिरवलेला मीटर ही गोष्ट वेगळी. अशा वेळी लगेच इंजिन खोलू नका, कारण खोललं की पुरावाही गेला. सकाळी थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ काढा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. दुसऱ्या गॅरेजमधून खर्चाचा अंदाज लिहून घ्या, तो विकणाऱ्याला पाठवा आणि निम्मा खर्च मागा. ओळख असलीच तर तिचा उपयोग इथं करायचा. आरडाओरडा न करता आकडा समोर ठेवला की बरेचजण काहीतरी देतात.

गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा. घरगुती व्यवहाराला मात्र ग्राहक कायदा लागू होत नाही, म्हणून तर तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज.

एक दोष कुठल्याच फिटरला दिसत नाही, तो कागदाचा. निपाणी जवळ असल्यानं 'केए-२३' च्या गाड्या इकडं स्वस्तात येतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई कुठल्या कुठं जाते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि "सह्या केलेले टीटी फॉर्म आहेत की, नावावर करू सावकाश" हे तर अजिबात ऐकू नका. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव बदलायचं असतं, विम्यावरचं नाव चौदा दिवसांत. विमा जुन्याच नावावर राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

दोन वर्षांनी हीच गाडी तुम्ही विकाल, तेव्हाही हे फॉर्म लक्षात ठेवा. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. गाडी कडगावात कुणीतरी चालवत असेल आणि नोटीस गारगोटीत तुमच्या घरी येईल. ती बहुधा वडीलच उघडतील.