टीका म्हणजे निंदा नव्हे

वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या गावोगावी, वर्षावासात विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. हात जोडण्यास आमची हरकत नाही. परंतु बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची प्रस्तावना केवळ ऐकून सोडण्याजोगी नाही. तीत आपल्याला वाचावे कसे याचा पाठ मिळतो.

वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे परंपरा सांगते. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर ही नित्याची दृश्ये पाहिलीच नव्हती काय, असा बाबासाहेबांचा रोकडा सवाल आहे. आणि शंका काढून ते थांबत नाहीत. पुढे ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ते गृहत्यागाचे कारण म्हणून मांडतात. जुने कारण का पटत नाही आणि नवे का पटते, हे दोन्ही सांगणे म्हणजे टीका.

हीच दृष्टी कथाकादंबऱ्यांकडे वळवावी. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील माणसे आपलीच वऱ्हाडी बोलतात. ‘कौतिकच्या नशिबी दुःख होते’ असे विद्यार्थी लिहितो. त्याला गुणही मिळतात! पण नशीब हा शब्द आपल्या घरातून घालविण्यासाठीच ना एवढा खटाटोप झाला? कष्ट कौतिकने उपसायचे आणि काम महादेवने टाळायचे, यात नशीब कोठे आले? लेखकच नशिबावर भार टाकतो असे कोणास वाटले, तर तसेही म्हणावे. मात्र कोणत्या पानावर, ते दाखवावे.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहालाही हेच माप लावावे. आपला म्हणून टाळी आणि परका म्हणून नकार, ही तर लेखकाची जात पाहून पुस्तक वाचण्याचीच रीत झाली.

आणि हे काम केवळ महाविद्यालयात जाणाऱ्यांचे आहे असे समजू नये. कापूस वेचणाऱ्या आईला अक्षरओळख नसेल. पण बाईच्या कष्टाचे वर्णन खरे की खोटे, हे तिच्याइतके कोण जाणणार? तिला वाचून दाखवावे. ती जेथे ‘हे काई खरं नाई बाप्पा’ म्हणेल, तेथे समासात खूण करावी, तिला कारण विचारावे आणि वहीत लिहावयास तेथूनच आरंभ करावा.