घोट्याला पासपोर्ट कशाला?

लाँग वीकेंड आला रे आला की पुण्या-मुंबईची निम्मी आयटी पब्लिक ताडोब्याला निघते. मोहर्ली गेटचं बुकिंग झालेलं, नवे कोरे शूज, मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा, सगळं कसं एकदम झकास! आणि मग रिसॉर्टच्या पायऱ्या उतरताना किंवा गेटबाहेर जिप्सीतून स्टाइलमध्ये उडी मारताना, कट्! पाय मुरगळला. वाघ राहतो बाजूला आणि ग्रुपवर फोटो फिरतो तो निळ्या-जांभळ्या घोट्याचा.

एकदा मुरगळला तर ठीक. बर्फ लावला, बँडेज बांधलं, पंधरा दिवसांत विसरलो. पण काही जणांचा तोच पाय पुन्हा पुन्हा दगा देतो. सपाट फूटपाथवर, ऑफिसच्या लिफ्टसमोर, मित्राच्या वरातीत. डॉक्टरांच्या भाषेत ही ‘क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी’. पहिल्यांदा जोरात मुरगळलेल्या दहा जणांपैकी दोन ते चार जण या वाटेला लागतात, असं साधारण सांगितलं जातं.

मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो. ‘अरे, बाहेर दाखव! लंडन, जर्मनी. ते क्रिकेटवाले जातात ना?’ झालं! पगार बरा असतो, पासपोर्ट ड्रॉवरमध्ये असतो, मन लगेच व्हिसाच्या फॉर्मकडे धावतं. थांबा. तिकीट काढण्याआधी थोडं ऐकून घ्या.

सैल की सुस्त?

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट्स असतात. पाऊल आत वळलं की त्यातलं पुढचं बहुतेक वेळा आधी ताणलं जातं किंवा फाटतं. नीट भरून आलं नाही तर ते सैल राहतं. पण गोष्ट इथेच संपत नाही. या लिगामेंट्समध्ये बारीक नसांची टोकं असतात. पाऊल आत्ता कुठे आहे, किती कललंय, ही खबर ती मेंदूला देतात. दुखापतीनंतर ही खबर उशिरा पोचते. तोल सावरणारे पायाचे स्नायू जागे होईस्तोवर तुम्ही जमिनीवर.

म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, ‘माझा घोटा सैल आहे, की सुस्त?’ सैलपणा हाताने तपासून आणि गरजेप्रमाणे एक्स-रे, एमआरआय करून कळतो. सुस्ती मात्र ऑपरेशनने जात नाही, ती व्यायामानेच जाते. बऱ्याच जणांत दोन्हीची भेसळ असते. म्हणूनच कुठलाही चांगला सर्जन, मग तो पुण्यातला असो की म्युनिकमधला, सहसा आधी तीन ते सहा महिने फिजिओथेरपीच करायला लावतो.

स्टार लोकांचं काय?

पुणेकरांच्या डोळ्यांसमोर घडलेली केस घ्या. १९ ऑक्टोबर २०२३, गहुंजे स्टेडियम, वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशविरुद्धची मॅच. स्वतःच्याच बोलिंगवर बॉल अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा मुरगळला आणि त्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. त्याचं रिहॅब कुठे झालं? बेंगळुरूच्या नॅशनल क्रिकेट अकादमीत. मैदानावर परत यायला २०२४ चा फेब्रुवारी संपत आला.

विरारचा पृथ्वी शॉ आठवा. ३० नोव्हेंबर २०१८ ला सिडनीच्या सराव सामन्यात बाउंड्रीवर कॅच घेताना त्याच्या डाव्या घोट्याचं बाहेरचं लिगामेंट दुखावलं. तो ऑस्ट्रेलियात होताच की! पण तो अख्खी टेस्ट सिरीज हुकवून भारतात परतला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा खेळायला लागला.

मग लंडनला गेलं कोण? मोहम्मद शमी. पण त्याचं दुखणं वेगळं, टाचेच्या वरच्या अकिलीज टेंडनचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑपरेशन झालं आणि पहिली मॅच तो खेळला नोव्हेंबरमध्ये. ऑपरेशन इथे करा नाहीतर तिथे, महिने कुणाला चुकत नाहीत.

फॉरेनचा माल घरपोच

गंमत म्हणजे या बाबतीत परदेशातलं जे भारी आहे, ते केव्हाच आपल्याकडे आलंय. घोट्याचं सर्वांत प्रसिद्ध ऑपरेशन स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांचं. फाटलेलं लिगामेंट जागच्या जागी शिवून घट्ट करण्याची ही रीत त्यांनी १९६६ मध्ये मांडली. १९८० मध्ये गूल्ड यांनी त्यात सुधारणा केली. आज पुण्या-मुंबईतले पावलाचे स्पेशालिस्ट हेच ऑपरेशन करतात, काही जण दुर्बिणीतूनही.

दुसरी भेट कॅनडाची. १९९२ मध्ये आलेल्या ‘ओटावा रूल्स’मुळे एक्स-रे कुणाला हवा ते पटकन ठरवता येतं. दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागासाठी असेच आणखी दोन मुद्दे आहेत. खर्च शून्य!

आता बाहेर जाण्याचा हिशोब करा. आपल्याकडचे बहुतेक मेडिक्लेम परदेशातल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनचे पैसे देत नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स असतो अचानक आलेल्या संकटासाठी, जुन्या घोट्यासाठी नव्हे. ऑपरेशननंतर साधारण पहिले दोन आठवडे पायावर भार टाकायचा नाही, मग सहाव्या आठवड्यापर्यंत बूट. अशा पायाने दहा तासांचं विमान म्हणजे सूज आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका. आणि खरं काम तर नंतर सुरू होतं. आठवड्यातून दोनदा फिजिओ, तेही तीन-चार महिने. त्यासाठी काय दर मंगळवारी फ्रँकफर्ट?

तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही सगळं आयतं मिळतं असं नाही. इंग्लंडच्या एनएचएसचं टार्गेट आहे की रेफरलनंतर १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. ते २०१६ पासून गाठलं गेलेलं नाही.

मग बाहेर कधीच जाऊ नये का? तसंही नाही. एक ऑपरेशन फसलंय, सांध्याच्या आतल्या कूर्चेला इजा आहे, किंवा जन्मतःच सगळे सांधे अति लवचिक आहेत, अशा अवघड केसमध्ये दुसरं मत जरूर घ्या. पण त्यासाठी आधी एमआरआय पाठवा, व्हिडिओ कॉल करा. घोट्याच्या आधी रिपोर्टला फिरू द्या.

मोहर्लीचा परदेश

आता त्याच मोहर्लीतल्या माणसाचा विचार करा. तुमची सफारी जिप्सीत बसून होते. वनरक्षक आणि वनमजूर मात्र जंगल पायी तुडवतात. बफरमधल्या गावांतली माणसं उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. ऐन वेळी दगा देणारा घोटा घेऊन वाघाच्या जंगलात शिरणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पाय मुरगळला की तिथे हळदीचा लेप लागतो, नाहीतर लचक काढणाऱ्याकडे नेतात. ताज्या फाटलेल्या लिगामेंटला असं चोळणं-ओढणं परवडत नाही. चंद्रपूर साधारण तीस किलोमीटरवर. तिथे २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे एक्स-रेची सोय होते. पण आठवड्यातून दोनदा फिजिओसाठी चंद्रपूर गाठायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. ऐन तेंदूच्या हंगामात कोण जाईल? तुम्हाला लंडन जितकं लांब, तितकंच त्याला चंद्रपूर.

आणि गरज दोघांची एकच आहे. कुणीतरी एकदा नीट तपासून व्यायाम शिकवायचा आणि मग आपण ते रोज, न चुकता करायचे. रबराची पट्टी पावलाला अडकवून पाऊल बाहेर ओढायचं. टाचा उचलायच्या. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आधी अर्धा मिनिट, जमलं की डोळे मिटून. धरायला भिंत जवळ हवी हं!

परदेशी हॉस्पिटलच्या नावावर फुली मारा असं मी म्हणत नाही. पण आधी घराजवळचा एक चांगला फिजिओ शोधा आणि त्याला सहा महिने द्या. आणि पुढच्या वेळी मोहर्लीत कुणी लंगडताना दिसलं, तर टिपेबरोबर चार पावलांचा तो नियमही सांगून या.