केंदो : अठराव्या वर्षीही पहिल्यापासून शिकता येते, मग कॉलेजात नवख्यांची बॅच का नको?

नागपूर : दहावी-बारावीच्या क्लासमध्ये अनेकांचे मैदान सुटते. कॉलेजात यावे, तर संघनिवडीत आधीपासून खेळणारेच पुढे असतात. मग अठराव्या वर्षी पहिल्यांदा शिकू पाहणाऱ्या मुला-मुलींनी जायचे कुठे? केंदोची शिकवण्याची पद्धत इथे उपयोगी पडू शकते.

केंदो म्हणजे काय?
बांबूच्या तलवारीने खेळला जाणारा जपानी खेळ. ही तलवार म्हणजे शिनाई. ती बांबूच्या चार पट्ट्या बांधून तयार होते. डोके, मनगट, धडाची बाजू आणि गळा या चारच ठिकाणच्या अचूक वारांना गुण मिळतात.

नवख्याची सुरुवात कशी होते?
सुरुवातीला चिलखत लागत नाही. ट्रॅकसूट, अनवाणी पाय आणि हातात शिनाई पुरते. पाय सरकवत चालणे, हवेत वार करणे आणि वारासोबत मोठ्याने ओरडणे, एवढाच सराव. प्रतिस्पर्धी नंतर येतो. त्यामुळे खर्चही कमी आणि संकोचही.

नागपूरने काय करावे?
लाठी-काठी विदर्भाला नवी नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांनी केंदोच सुरू करावा असे नाही. लाठी किंवा तलवारबाजीही चालेल. मात्र प्रवेश देताना आधीची पदके विचारू नयेत. एक हॉल, वीस काठ्या आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.